पितळेची खोटी पट्टी: जुन्या लष्करी ट्रकांचे क्रमांक आणि आपली बखरवृत्ती

#थ्रेड

१/ गेल्या हिवाळ्यात जुन्या वाहनांच्या एका प्रदर्शनात दुसऱ्या महायुद्धातला एक ट्रक पाहिला. नवाकोरा हिरवा रंग, बॉनेटच्या बाजूला पांढऱ्या अक्षरांत ‘यू.एस.ए.’ आणि पुढे २० पासून सुरू होणारा लांबलचक क्रमांक, डॅशबोर्डवर चकाकणारी पितळी पट्टी, आणि समोर फलक: ‘ब्रह्मदेशाच्या आघाडीवर लढलेला अमेरिकन ट्रक’. भोवती गर्दी होती, प्रत्येकाच्या हाती मोबाइल होता. त्या फलकातील ‘ट्रक’ हा एक शब्द सोडला तर विश्वास ठेवण्याजोगे तेथे काहीही नव्हते.

२/ हा थ्रेड त्या मालकाविरुद्ध नाही. क्रमांकाला शोभेची वस्तू मानणाऱ्या सवयीविरुद्ध आहे. माझे म्हणणे सरळ आहे: जुन्या लष्करी गाडीवरचा क्रमांक आणि तिच्यावर रिव्हेटने बसवलेली पट्टी ही इतिहासाची अस्सल साधने आहेत. ती उखडून तेथे मनपसंत क्रमांक लावणे म्हणजे दप्तरातला मूळ कागद फाडून त्या जागी स्वतःच्या हस्ताक्षरातला कागद ठेवणे. आणि ही साधने वाचायला न शिकलेले आपण इतिहासाचे विद्यार्थी या अपराधात भागीदार आहोत.

३/ आधी त्या ट्रकाविषयी. स्टिअरिंग उजवीकडे. नाक बसके, जवळजवळ चपटे. समोरच्या काचेचा वरचा भाग पुढे झुकलेला, जेणेकरून उन्हाची चमक वरून जाणाऱ्या विमानाला दिसू नये. ही ‘कॅनेडियन मिलिटरी पॅटर्न’ ट्रकांची ठेवण आहे. कॅनडातील फोर्ड आणि शेवरोले यांनी ब्रिटिश लष्करी मागणीनुसार हे ट्रक बनवले. युद्धकाळात कॅनडाने आठ लाखांहून अधिक लष्करी वाहने बनवली, त्यांपैकी सुमारे निम्मी या जातीची. वाळवंटात, इटलीत आणि ब्रह्मदेशात भारतीय तुकड्यांनी ती चालवली. म्हणजे ‘ब्रह्मदेश’ शक्य आहे. ‘अमेरिकन’ अशक्य.

४/ आता तो क्रमांक. अमेरिकन लष्कराच्या नोंदणी क्रमांकाचे पहिले अंक वाहनाचा वर्ग सांगत. ४ ने सुरू होणारा क्रमांक अडीच टनी व त्यावरच्या मध्यम ट्रकांचा, ६ मोटारसायकलींचा, ७ रुग्णवाहिकांचा, २० जीपसारख्या टेहळणी गाड्यांचा, ३० रणगाड्यांचा. त्या ट्रकावर २० चा क्रमांक होता. कॅनडाच्या ट्रकाला अमेरिकन क्रमांक दिला, तोही जीपचा! रंगाऱ्याने चित्रपटातली एखादी जीप समोर ठेवून अंक उतरवले असावेत.

५/ त्या ट्रकावर काय असायला हवे होते? ब्रिटिश पद्धतीत क्रमांकाआधी वर्गाचे अक्षर येई. ‘एल’ म्हणजे एक टनाहून अधिक भार नेणारी लॉरी, ‘झेड’ म्हणजे त्याखालचा ट्रक, ‘एम’ म्हणजे मोटार, ‘सी’ मोटारसायकल, ‘ए’ रुग्णवाहिका, ‘एच’ तोफ ओढणारा ट्रॅक्टर, ‘टी’ रणगाडा. खुद्द कॅनडाच्या सैन्यातील गाड्यांवर या अक्षराआधी आणखी एक ‘सी’ लागे. लॉरी आणि ट्रक हे आपण एकाच अर्थाने वापरतो, पण ब्रिटिश कारकुनाच्या वहीत त्या दोन वेगळ्या जाती होत्या.

६/ एक गोष्ट मात्र न्यायाने सांगितली पाहिजे. त्या ट्रकावर पांढरा तारा होता, आणि त्यावरून काही जाणकार मित्र हसले. त्यांचे हसणे चुकीचे होते. पांढरा तारा पुढे दोस्त राष्ट्रांची सामाईक ओळखखूण झाला, आणि ब्रिटिश व कॅनेडियन गाड्यांवरही तो रंगवला गेला. दोष ताऱ्याचा नव्हता, क्रमांकाचा होता. टीका करताना आपणही साधन वाचूनच केली पाहिजे. ऐकीव ज्ञानावर हसणे हाही बखरवृत्तीचाच प्रकार.

७/ गाडीवर चार थर असतात, आणि त्यांची विश्वसनीयता सारखी नसते. चॅसीच्या लोखंडात ठोकलेला क्रमांक हा शिलालेख: जागेवर कोरलेला, सहजी न हलणारा. रिव्हेटने बसवलेली पट्टी हा ताम्रपट: अधिकृत खरा, पण उचलून दुसरीकडे नेता येणारा. रंगवलेला नोंदणी क्रमांक ही दप्तरातील नोंद. बंपरवरची तुकडीची खूण म्हणजे भाडेकरूच्या नावाची दारावरची पाटी. आणि ‘आजोबा सांगायचे की हा ट्रक इंफाळला होता’ ही बखर. आपण मात्र नेमके उलट्या क्रमाने वाचतो. आधी बखर, मग रंग, मग पट्टी. आणि चॅसीपाशी वाकून पाहण्याचे कष्ट कोणी घेत नाही.

८/ ताम्रपटाची उपमा मी हौसेने दिलेली नाही. खोटे ताम्रपट ही आपल्या इतिहाससंशोधनाची जुनी डोकेदुखी आहे. अक्षरवाटिका दानाच्या काळाशी जुळते का, तिथी व वार यांचा मेळ बसतो का, मुद्रा कोणाची, हे तपासल्याशिवाय कोणताही जाणता अभ्यासक ताम्रपट स्वीकारत नाही. हीच शिस्त ट्रकाच्या पट्टीला लावा. अक्षरांचे ठसे त्या काळचे आहेत का? रिव्हेट जुने की नवे? पट्टीवरचा क्रमांक चॅसीच्या क्रमांकाशी जुळतो का? पट्टीवरची तारीख त्या मॉडेलच्या निर्मितिकाळात बसते का?

९/ अस्सल अमेरिकन पट्टी किती बोलते ते पाहा. वाहनाचे नाव, निर्माता, मॉडेल, अनुक्रमांक, वजन आणि एक तारीख. ही तारीख अनेक जण ‘निर्मितीची’ म्हणून वाचतात. ती ‘डिलिव्हरी’ची, म्हणजे लष्कराने गाडी स्वीकारल्याची असते. शिवाय पट्टीवर दुरुस्ती-पुस्तिकेचा क्रमांक दिलेला असतो. तो १० ने सुरू झाला तर पुस्तिका क्वार्टरमास्टर विभागाची, ९ ने सुरू झाला तर ऑर्डनन्स विभागाची. ऑगस्ट १९४२ मध्ये वाहनांची जबाबदारी पहिल्याकडून दुसऱ्याकडे गेली. दोन अंकांच्या फरकात एका महाकाय नोकरशाहीचे खांदेपालट नोंदलेले आहे. इंटरनेटवरून मागवलेल्या पट्टीवर हे दोन्ही काळ खुशाल शेजारी नांदताना दिसतात.

१०/ रंगवलेल्या क्रमांकाचीही स्वतःची स्तरविद्या असते. सुरुवातीच्या अमेरिकन गाड्यांवर अंक मंद निळ्या रंगात असत, दुरून दिसूच नयेत असे. पुढे पांढरे अंक रूढ झाले. आरंभी अंकांआधी युद्धखात्याचे ‘डब्ल्यू’ अक्षर असे, नंतर ते गळाले. शेवटी ‘एस’ असेल तर रेडिओत खरखर येऊ नये अशी व्यवस्था त्या गाडीत केलेली आहे. दर्दी मंडळी पाण्यात भिजवलेल्या बारीक पॉलिशपेपरने रंगाचा एकेक थर हळूहळू घासत जातात आणि सात-आठ दशकांखालचा निळा अंक वर येतो. उत्खननात माती खरवडतात तसेच हे काम. आपल्याकडे मात्र ग्राइंडर फिरवून पत्रा पांढराफटक केला जातो आणि त्यालाच ‘रिस्टोरेशन’ म्हणतात.

११/ सर्वांत मोठा गोंधळ तुकडीचा. बॉनेटवरचा क्रमांक पाहून ‘ही अमुक डिव्हिजनची गाडी’ असे सांगणारा सरळ थाप मारतो. तो क्रमांक फक्त त्या वाहनाचा. तुकडीशी त्याचा संबंध नाही. अमेरिकन गाडीची तुकडी बंपरवर लिहिलेली असे: एका बाजूला डिव्हिजन व रेजिमेंट, दुसऱ्या बाजूला कंपनी व ताफ्यातला क्रम. ब्रिटिश व भारतीय गाड्यांवर डिव्हिजनचे चिन्ह असे, उदाहरणार्थ चौथ्या भारतीय डिव्हिजनचा लाल गरुड किंवा सतराव्या डिव्हिजनचे काळे मांजर. सोबत रंगीत चौकोनात तुकडीचा अंक. गाडी दुसऱ्या तुकडीकडे गेली की या खुणा पुसून नव्या रंगवल्या जात. म्हणूनच त्या सर्वांत आकर्षक आणि सर्वांत कमी टिकाऊ.

१२/ मॉडेलच्या अक्षरांचेही तेच. जीएमसीचा ‘सीसीकेडब्ल्यू’ हा अडीच टनी ट्रक पाच लाखांहून अधिक संख्येने बनला. पहिला ‘सी’ म्हणजे १९४१ चा आराखडा, दुसरा ‘सी’ म्हणजे इंजिनामागे बसवलेली नेहमीची केबिन, ‘के’ म्हणजे पुढच्या चाकांनाही जोर, ‘डब्ल्यू’ म्हणजे मागे जोर मिळणारे दोन आस. ‘डीयूकेडब्ल्यू’ या पाण्यातही चालणाऱ्या गाडीचा ‘डी’ म्हणजे १९४२. या अक्षरांना नंतर लोकांनी भारदस्त इंग्रजी शब्द चिकटवले. फोर्डच्या जीपवरील ‘जीपीडब्ल्यू’मधले ‘जीपी’ म्हणजे ‘जनरल पर्पज’ हे तर शाळेपासून ऐकलेले. प्रत्यक्षात ‘जी’ म्हणजे सरकारी कंत्राट, ‘पी’ म्हणजे ८० इंची चाकांतर, ‘डब्ल्यू’ म्हणजे विलीजचा आराखडा. अक्षरे कारकुनाची होती, कविता आपण केली.

१३/ कॅनेडियन ट्रकांची अक्षरे तर आणखी सोपी. ‘एफ’ फोर्ड, ‘सी’ शेवरोले. पुढचा आकडा भारक्षमता हंड्रेडवेटमध्ये: १५ म्हणजे पाऊण टन, ६० म्हणजे तीन टन. शेवटी ‘ए’ असेल तर चारही चाकांना जोर, ‘एल’ असेल तर लांब चाकांतर, ‘एस’ असेल तर आखूड. ‘सी६०एल’ असे लिहिलेले दिसले की तुम्ही पूर्ण वाक्य वाचलेले असते: शेवरोले, तीन टनी, लांब. हे शिकायला दहा मिनिटे लागतात. मोडी शिकायला महिने लागतात आणि तरीही आपण ती शिकतो. मग येथे आळस का?

१४/ दुसऱ्या टोकाचे अतिरेकीही आहेत: ‘इंजिन आणि चॅसीचे क्रमांक जुळले तरच गाडी अस्सल’ म्हणणारे. फोर्डच्या युद्धकालीन जीपमध्ये कारखान्यातून निघताना हे दोन क्रमांक एकच असत. विलीजच्या जीपमध्ये ते मुळातच वेगवेगळे असत. म्हणजे जुळणारे क्रमांक असलेली विलीज समोर आली तर आनंद नव्हे, संशय यायला हवा. लष्करी कार्यशाळेत इंजिने बदलली जात, युद्धानंतर लिलावात गेलेल्या ट्रकांत डिझेल इंजिने बसली. न जुळणारा क्रमांक हा कलंक नाही; तो गाडीच्या पुढच्या आयुष्याचा पुरावा आहे.

१५/ ‘एवढ्याशा आकड्यांनी काय इतिहास कळणार?’ हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. उत्तर महायुद्धातूनच घ्या. जर्मनी दरमहा किती रणगाडे बनवतो हे दोस्त राष्ट्रांना हवे होते. हेरांच्या अहवालांवरून जून १९४० साठी अंदाज निघाला १०००. लंडनमधील अमेरिकन वकिलातीतल्या अर्थतज्ज्ञांच्या गटाने हाती लागलेल्या सामग्रीवरचे अनुक्रमांक मोजून अंदाज काढला १६९. युद्धानंतर जर्मन दप्तरे उघडली तेव्हा खरा आकडा निघाला १२२. जून १९४१: हेर १५५०, क्रमांक २४४, वास्तव २७१. ऑगस्ट १९४२: हेर १५५०, क्रमांक ३२७, वास्तव ३४२.

१६/ युक्ती साधी होती. कारखाना क्रमाने अंक ठोकत जातो. समजा तुम्हाला पाच गाड्या मिळाल्या आणि त्यांतला सर्वांत मोठा अंक ६०. मग ६० मध्ये ६० भागिले ५, म्हणजे १२ मिळवा आणि १ वजा करा: एकूण गाड्या सुमारे ७१. हीच रीत टायर, ट्रक आणि रॉकेट यांनाही लावली गेली, आणि १९४७ मध्ये रगल्स व ब्रॉडी यांनी ती सविस्तर प्रसिद्ध केली. ऐकीव बातमी पाचपट-आठपट चुकली. लोखंडावरचा अंक वास्तवाच्या जवळ राहिला. पण याला एक अट आहे: अंक खरा हवा. एकाने गंमत म्हणून मोठा अंक रंगवला की सारा हिशेब कोसळतो.

१७/ आता आपल्या अंगणात येऊ, कारण माझा खरा राग येथे आहे. महायुद्धात या कॅनेडियन ट्रकांचे सुटे भाग खोक्यांत भरून जहाजांनी मुंबईला येत आणि फोर्ड व जनरल मोटर्स यांच्या मुंबईतील कारखान्यांत त्यांची जुळणी होई. जनरल मोटर्सचा शिवडीचा कारखाना १९२८ पासून चालू होता. कॅनडाहून आलेल्या फोर्डच्या चॅसींवर टाटांच्या पोलादाचे कवच चढवून भारतात चिलखती गाड्याही बनल्या. हजारो वाहने मुंबईच्या कामगारांच्या हातांखालून गेली. त्या हातांच्या आठवणी कोणत्या सेनापतीच्या आत्मचरित्रात असणार?

१८/ म्हणून त्या प्रदर्शनातल्या ट्रकाचा खोटा क्रमांक हा केवळ तपशिलाचा दोष नव्हता. तो ट्रक मुंबईत जुळवलेला असण्याची शक्यता होती. या शक्यतेचा तपास ज्या धाग्यापासून सुरू होतो तो धागा म्हणजे मूळ पट्टी आणि मूळ क्रमांक. त्यावर ‘यू.एस.ए.’ रंगवताना आपण कॅनडाचा कारखाना पुसला, भारतीय ड्रायव्हर पुसला आणि कदाचित शिवडीचा फिटरही पुसला. हॉलिवूडच्या चित्रपटात शोभावी म्हणून आपण आपलीच साक्ष बदलली.

१९/ मी मालकांना विचारले, मूळ पट्टी कुठे आहे? ते सज्जन होते, त्यांनी लपवाछपवी केली नाही. “अहो, ती पार काळी पडली होती, अक्षरंही नीट लागत नव्हती. पत्र्याच्या भंगारात गेली. ही नवी बघा ना, कशी चमकते!” त्यांनी त्या गाडीवर लाखो रुपये आणि अनेक रविवार खर्च केले होते. प्रेम खोटे नव्हते. पण काळ्या पडलेल्या त्या पट्टीसोबत गाडीचे नावच भंगारात गेले, आणि उरले ते एक सुंदर, निनावी लोखंड.

२०/ आक्षेप पहिला: ‘गाडी त्यांची, पैसा त्यांचा, तुम्ही कोण?’ मान्य. वाड्याच्या मालकालाही भिंत रंगवण्याचा हक्क आहे. म्हणून भिंतीतला शिलालेख सिमेंटने लिंपला तर आपण गप्प बसतो का? रंगवू नका असे मी म्हणतच नाही. रंगवण्याआधी नोंद करा, एवढेच म्हणतो. आक्षेप दुसरा विद्यापीठांतून येतो: ‘इतिहास कागदावर असतो, गॅरेजमध्ये नाही.’ राजवाड्यांनी १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढला तेव्हा ते दप्तरे कुठे शोधत होते? वाड्यांत, माळ्यांवर, वाण्याच्या पुड्यांसाठी निघालेल्या रद्दीच्या वाटेवर. रद्दीवाल्याच्या जागी आज भंगारवाला आहे, इतकाच फरक.

२१/ आणि हा प्रश्न केवळ महायुद्धाचा नाही. जर्मनीच्या मान कंपनीच्या परवान्याने १९५९ पासून जबलपूरला बनू लागलेला ‘शक्तिमान’ ट्रक १९९६ पर्यंत तयार होत होता. आपल्या सैन्याचा तो कणा होता. आज तो भंगारात निघतो आहे. भारतीय लष्कराच्या क्रमांकातला वर जाणारा बाण ब्रिटिश ऑर्डनन्स बोर्डाच्या सरकारी मालमत्तेच्या खुणेचा वारस आहे, आणि बाणानंतरचे दोन अंक गाडी लष्करात घेतल्याचे वर्ष सांगतात. येथेही लोक ते निर्मितीचे वर्ष समजतात. एका पिढीनंतर शक्तिमानवर कोणी खोटी पट्टी लावली तर ती ओळखणारे आपल्यात कोणी असेल का?

२२/ तेव्हा करायचे काय?
• जुनी लष्करी गाडी दिसली की मालकाची परवानगी घेऊन आधी चॅसीचा क्रमांक, मग पट्टी, मग रंग, या क्रमाने छायाचित्रे घ्या.
• अक्षरे पुसट असतील तर तिरपा उजेड टाका. शिलालेखाला टाकतो तसाच.
• वाचता न आलेला अंक अंदाजाने भरू नका. रिकामी जागा सोडा.
• चोरीच्या गाड्यांना खरे क्रमांक चढवणारे लोक आहेत, म्हणून सार्वजनिक छायाचित्रात शेवटचे अंक झाका. आपल्या वहीत मात्र पूर्ण ठेवा.
• नवी पट्टी लावायचीच असेल तर तिच्या मागे ‘प्रतिकृती’ आणि साल कोरा, आणि जुनी जपून ठेवा.
• कुटुंबातली आठवण अवश्य लिहून घ्या, पण ‘आठवण’ म्हणूनच.

२३/ इतिहासाच्या नावाने आपण समाजमाध्यमांवर रोज भांडतो: हा कागद बनावट, ती बखर उत्तरकालीन. हे भांडण योग्यच आहे. पण शेजारच्या गॅरेजमध्ये एखादा माणूस हातोडी-छिन्नी घेऊन एक अस्सल साधन उखडत असतो, आणि आपण त्याच्या शेजारी उभे राहून सेल्फी काढतो. पुढच्या वेळी फोटो काढण्याआधी खाली वाका, चॅसीवरची धूळ रुमालाने पुसा आणि काय ठोकले आहे ते वाचा. अंक सापडला तर टिपून घ्या. त्या गाडीचे खरे नाव तेवढेच उरलेले असू शकते.

(समाप्त)